दुखणं कुठलं, पुस्तक कुठलं

सीबीडी बेलापूरच्या पारसिक हिलवर ‘धम्म विपुल’ नावाचं विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिराला आलेल्या माणसाला तिथे मोबाइलबरोबर पुस्तकं आणि वह्याही बाजूला ठेवाव्या लागतात. दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. पहाटे चारला घंटा होते आणि मग दिवसभर श्वासाकडे, अंगावर उमटणाऱ्या संवेदनांकडे पाहत बसायचं. जे होतं आहे ते बदलायला जायचं नाही. टेकडी उतरून सीवूड्स-दारावे स्टेशनवरून हार्बरची गाडी पकडली, की डब्यात कुणाच्या तरी हातात याच्या बरोबर उलट सांगणारं पुस्तक असू शकतं. तुला किती पैसे हवेत तो आकडा कागदावर लिही, कधीपर्यंत हवेत ती तारीख घाल आणि सकाळ-संध्याकाळ मोठ्याने वाच. नेपोलियन हिलच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’ची ही आज्ञा १९३७ सालची आहे आणि पुस्तक अजून जोरात खपतं.

दोन्हींनी आपलं भलं झालं असं सांगणारी माणसं भेटतात. मग वाचनालयात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, पुस्तक प्रदर्शनात एकच प्रश्न ऐकू येतो: यातलं खरं कोणतं? निदान आधी कोणतं घेऊ?

प्रश्न साधा आहे, पण विचारायची रीत चुकते. औषधाच्या दुकानात जाऊन ‘तापाची गोळी चांगली की खरजेचं मलम चांगलं’ असं कोणी विचारत नाही. विचारलंच, तर दुकानदार म्हणेल, आधी झालंय काय ते सांगा. स्वयंविकासाच्या पुस्तकांबाबत आपण नेमकं हेच विसरतो आणि पुस्तकंही विसरायला मदत करतात. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत प्रत्येक पुस्तक वाचकाचं निदान करून मोकळं होतं, तेही वाचकाला न तपासता. एक म्हणतं, तुझ्या इच्छेत जोर नाही. दुसरं म्हणतं, इच्छा भरपूर आहे, सवयी वाईट आहेत. तिसऱ्याच्या मते खरा घोळ तू स्वतःशी मनात जे बोलतोस त्यात आहे. चौथं म्हणतं, तुझी ही धावच चुकीची, जरा थांब. निदानं वेगळी म्हणून उपाय वेगळे. तेव्हा पुस्तक निवडायचं तर त्याचा उपाय किती आकर्षक आहे हे नंतर पाहावं; त्याने दोष कुठे आहे असं गृहीत धरलंय, ते आधी.

रायगडातलं जुनं पुस्तक

या साहित्याची कथा बहुतेक ठिकाणी सॅम्युअल स्माइल्सच्या १८५९ सालच्या ‘सेल्फ-हेल्प’पासून सुरू होते. नवी मुंबईत बसून ती तशी सांगणं मला पटत नाही. खारघर, कामोठे, पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात येतात, त्याच जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. आजही या पट्ट्यात, गावठाणांत आणि सिडकोच्या सेक्टरांतही, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी पांढरे कपडे घालून बैठकीला जाणारे हजारो लोक आहेत. त्या बैठकीत दासबोधाचंच निरूपण असतं. नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये मुंबईच्या गोरेगावात ही बैठक सुरू केली. तिचं केंद्र अलिबागजवळच्या रेवदंड्याला. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देताना खारघरच्या मैदानावर लाखो श्रीसदस्य, म्हणजे बैठकीचे अनुयायी, जमले होते. उष्माघाताने माणसं दगावली, त्यामुळे तो दिवस दुःखद कारणाने लक्षात राहिला. पण ती गर्दी एक गोष्ट सांगून गेली. या भागात सर्वाधिक लोकांच्या आयुष्याला हात घालणारं आत्मसुधारणेचं पुस्तक विमानतळावरच्या दुकानात मिळणाऱ्यांपैकी नाही.

वीस दशक, प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास. देवाधर्माचा ग्रंथ म्हणून न उघडता माणूस घडवण्याचं पुस्तक म्हणून उघडला तर दासबोध चकित करतो. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खाच्या लक्षणांचा. कारण नसताना हसणं, स्वतःची टिमकी वाजवणं असल्या रोजच्या, घरगुती दोषांची ती लांबलचक यादी आहे; वाचताना दर चार ओळींनी आपण सापडतो. लगेच पुढचा समास उत्तम लक्षणांचा. आणि त्याच दशकाच्या शेवटी येतो पढतमूर्ख, म्हणजे वाचून-शिकून शहाणा झालेला पण वागण्यात कोराच राहिलेला. सतराव्या शतकात समर्थांनी हा माणूस ओळखला होता. आज त्याच्या कपाटात यशस्वी होण्याची चाळीस पुस्तकं असतात.

एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेने होते. अक्षर कसं असावं, ओळी कशा, कडेला कोरी जागा किती सोडायची, लेखणी कशी, शाई कशी, इतक्या तपशिलात समर्थ शिरतात. उपदेश करता करता हाताच्या कामाशी येऊन थांबण्याची ही सवय आजच्या फार थोड्या लेखकांना आहे. पण मला यापेक्षाही बाराव्या दशकाचं नवल वाटतं. त्यात चौथा समास विवेक-वैराग्याचा आहे आणि नववा यत्नाच्या शिकवणीचा. सोडून द्यायला शिका आणि झटायला शिका, ही दोन टोकं ज्यांच्यासाठी आज आपण दोन वेगळी पुस्तकं घेतो, ती इथे पाच समासांच्या अंतरावर शेजारी नांदतात. कारण समर्थांना ठाऊक होतं की श्रोता एकच असला तरी त्याची वेळ प्रत्येक वेळी एक नसते.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक कोणी एकट्याने, झोपण्याआधी दहा पानं, असं वाचत नाही. ते दर आठवड्याला, ठरावीक जागी, ओळखीच्या माणसांत बसून ऐकायचं असतं. गैरहजर राहिलं की कोणीतरी विचारतं. बैठकीतल्या लोकांचं दारूचं व्यसन सुटल्याच्या गोष्टी कोकणात आणि नवी मुंबईत सर्रास सांगितल्या जातात. त्यांत ग्रंथाचा वाटा किती आणि त्या विचारण्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. विचारणाऱ्याचा वाटा लहान नसावा असं मानायला मात्र बळकट आधार आहे. तो पुढे येईल.

इच्छेची पुस्तकं

स्टीफन कोवे यांनी ‘सेव्हन हॅबिट्स’मध्ये (१९८९) एक निरीक्षण मांडलं आहे. अमेरिकेतलं दोनशे वर्षांचं यशविषयक लेखन चाळल्यावर त्यांना दिसलं, की पहिली दीडशे वर्षं ही पुस्तकं सचोटी, धीर, साधेपणा अशा गुणांवर बोलत होती. नंतर गाडी व्यक्तिमत्त्व, छाप पाडणं, सकारात्मक वृत्ती यांकडे वळली. ही विभागणी जरा ढोबळच आहे. तरी १९३० नंतरचं दशक पाहिलं तर ती पटते. महामंदीने लाखोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि त्याच काळात १९३६ मध्ये डेल कार्नेगीचं माणसं जिंकण्याचं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी हिलचं श्रीमंतीचं. पायाखालची जमीन सरकलेल्या माणसाला आपल्या मनावर तरी आपली सत्ता आहे असं ऐकायला हवं होतं. १९६३ मध्ये जोसेफ मर्फी यांनी तीच सत्ता सुप्त मनाकडे सोपवली. २००६ मध्ये ‘द सिक्रेट’ने थेट विश्वालाच कामाला लावलं: तुम्ही मागा, ते देईल.

या शाखेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि त्याला कारण आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आपल्याला जमेल अशी अपेक्षा होती, त्यांचं वजन जास्त उतरलं. ज्या बारीक झालेल्या स्वतःची सुंदर चित्रं मनात रंगवत होत्या, त्यांचं कमी उतरलं. अपेक्षा अनुभवातून येते, चित्र नुसतंच रंगवता येतं. ओटिंगेन यांचं स्पष्टीकरण असं, की फळ मनातल्या मनात चाखलं की धडपडीची ऊर्जाच ओसरते. त्यांचा उपायही या चित्राला जोडूनच आहे: हवं ते डोळ्यांपुढे आणा, पण लगेच त्याच्या आड येणारी स्वतःतली अडचणही आणा, आणि ती आली की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

आरशासमोर उभं राहून ‘मी खूप चांगला आहे’ म्हणण्याबद्दलही एक प्रयोग आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ या अर्थाचं वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळात बरा होता त्यांना थोडं छान वाटलं. ज्यांचा कमी होता त्यांना, ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा, वाईट वाटलं. म्हणजे ज्याच्यासाठी औषध काढलं त्यालाच ते बाधलं. मनाला ती स्तुती पटेना आणि ते आतून उलटी साक्ष द्यायला लागलं, असा याचा अर्थ लावला जातो.

तरीही ही पुस्तकं सरसकट टाकाऊ म्हणवत नाहीत. ज्या घरात कोणी कधी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, तिथल्या मुलाला ‘तुला हवं ते मागायचा अधिकार आहे’ हे वाक्य पहिल्यांदा अशाच पुस्तकात भेटतं. शिव खेरांच्या ‘यू कॅन विन’चा (१९९८) मराठी अनुवाद ‘यश तुमच्या हातात’ या नावाने गावोगावी पोचला तो त्यामुळे. मागण्याची हिंमत येणं ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी त्या पुस्तकांत सहसा नसते.

सवयीची आणि विचारांची

दुसरी पायरी सवयींच्या पुस्तकांत असते. जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८) हे सध्याचं सर्वांत यशस्वी उदाहरण. त्याचं निदान सरळ आहे: काय करायचं ते तुला माहीत आहे, पण होत नाही, तर मनाला चाबूक मारण्यापेक्षा आजूबाजूची मांडणी बदल. चालायला जायचं असेल तर बूट दारात ठेव, फोन कमी बघायचा असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेव. ज्याचं दुखणं खरोखर एवढंच आहे त्याला याहून चांगलं पुस्तक मी सुचवणार नाही. फक्त त्यातलं रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात सदतीस पट, हे गणित कोणी फार मनावर घेऊ नये. ते चक्रवाढ व्याजाचं गणित आहे, माणसाचं नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते हेही असंच पसरलेलं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. ‘निदान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, एकवीस राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी शहाण्णव लोकांच्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात सवय आपोआप व्हायला लागलेले दिवस मधल्या माणसासाठी ६६ निघाले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं, हा त्यातला माझा आवडता निष्कर्ष. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून पुस्तक फेकणाऱ्यांना तो सांगायला हवा.

सवयीच्या पुस्तकाला एक प्रश्न मात्र विचारता येत नाही: मी हे मुळात का करतोय? चुकीची शिडीही ते तुम्हाला तितक्याच नीटपणे चढायला शिकवतं. पाचला उठायचंच आहे, पण उठून ज्या परीक्षेचा अभ्यास करायचा ती परीक्षा वडिलांना हवी आहे, अशा मुलाला सवयींचा तक्ता देणं क्रूरपणाचं आहे.

तिथे विचारांची पुस्तकं लागतात, आणि मराठी वाचक यात नशीबवान आहे. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची गादी सोडून नवी पद्धत मांडली. घटना आपल्याला दुःखी करत नाही. घटनेबद्दल आपण मनात धरलेला हट्ट करतो. मला जमलंच पाहिजे, तू माझ्याशी चांगलं वागलंच पाहिजेस, जग सोपं असलंच पाहिजे, हे तीन हट्ट त्याने शोधून काढले आणि त्यांच्याशी वाद घालायला शिकवलं. कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून हे शास्त्र इथे रुजवलं. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. आणि खाडीपलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने ही भाषा मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात आणली. ‘विवेकी विचार’ हा शब्द आज शाळेतल्या समुपदेशक बाईही सहज वापरतात.

एलिसची एक हकिगत तो स्वतः सांगायचा. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला तो इतका घाबरायचा, की शेवटी त्याने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक मुलीशी बोलायचं ठरवलं. तीस जणी उठून गेल्या. शंभर जणींशी तो बोलला. भेटायला एकच तयार झाली, आणि ठरल्या वेळी ती आलीच नाही. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, कोणी ओरडलं नाही, आणि भीती गेली. विचारांच्या शाखेचा संस्थापक मुळात कृतीने बरा झाला होता, हे त्याची पुस्तकं वाचताना लक्षात ठेवावं.

आता विचारणाऱ्याच्या वाट्याबद्दल बैठकीपाशी म्हटलेला तो आधार. स्वयंविकासाच्या दोन विरुद्ध पद्धतींची पुस्तकं समोरासमोर ठेवून कोणी तपासलं आहे का? तपासलं आहे. फॉरेस्ट स्कोगिन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या साठीपुढच्या माणसांचे गट केले. एका गटाला विचार बदलायला शिकवणारं डेव्हिड बर्न्सचं ‘फीलिंग गुड’ दिलं, दुसऱ्याला वागणं बदलायला शिकवणारं ‘कंट्रोल युवर डिप्रेशन’, तिसऱ्याला थांबायला सांगितलं. महिन्याभरानंतर दोन्ही पुस्तकवाले थांबलेल्यांपेक्षा बरे होते. आणि दोन पुस्तकांमध्ये? म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

ज्या प्रश्नावर वाचक आठवडेच्या आठवडे घालवतो, त्याचं एक उत्तर इथे आहे. पुस्तक प्रामाणिक असेल, ते काही करायला लावत असेल आणि दुखणं त्याच्या आवाक्यातलं असेल, तर विचाराकडून शिरा की वागण्याकडून, आत पोचता येतं. आणखी एक तपशील सहज नजरेतून सुटतो. या प्रकारच्या अभ्यासांत वाचकाला आठवड्यातून एकदा छोटासा फोन यायचा. उपचार नाही, सल्ला नाही. कुठवर आलात, एवढीच चौकशी. बैठकीत गैरहजर राहिल्यावर विचारणारा माणूस तो हाच.

थांबायला सांगणारी, आणि विकायला आलेली

थांबायला सांगणाऱ्या पुस्तकांचा सध्या भाव वधारला आहे. ऑलिव्हर बर्कमन यांचं ‘फोर थाउजंड वीक्स’ (२०२१) हे त्यांतलं सगळ्यात हुशार. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात साधारण चार हजार आठवडे येतात. सगळं कधीच होणार नाही, तेव्हा काय सोडायचं ते ठरवा, एवढा त्याचा गाभा. पनवेलहून सीएसएमटी पन्नासेक किलोमीटर, हार्बरला जलद गाडी नाही, जाता-येता दिवसाचे अडीच-पावणेतीन तास डब्यात. असं आयुष्य जगणाऱ्याला ‘वेळेचं नियोजन’ शिकवणाऱ्यापेक्षा ‘वेळ मोजकाच आहे’ असं कबूल करणारा लेखक जवळचा वाटला तर नवल नाही. पण ज्याने अजून काही सुरूच केलेलं नाही, त्याच्या हातात हे पुस्तक आळसाचं प्रमाणपत्र ठरतं. पंचविशीत वैराग्याची पुस्तकं वाचणाऱ्यांबद्दल मी थोडा साशंक असतो.

पैशांच्या पुस्तकांबद्दल एकच सूचना: पुस्तक कोण देतंय ते पाहा. रॉबर्ट कियोसाकी यांचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच छापलं होतं, आणि ते पसरलं त्यात नेटवर्क मार्केटिंगच्या मंडळींचा मोठा हात होता. कियोसाकींनी पुढे त्या धंद्याची उघड भलामण करणारं पुस्तकही लिहिलं. नोकरी म्हणजे उंदरांची शर्यत, हे वाक्य कुणाला तरी साखळीत ओढताना फार उपयोगी पडतं. शनिवारी दुपारी हॉटेलच्या सभागृहात ‘फक्त एकदा ऐकून तर घे’ म्हणून नेणाऱ्या मित्राच्या हातात हे पुस्तक दिसलं, तर पुस्तकापेक्षा त्याच्या पिशवीतल्या फॉर्मकडे लक्ष द्यावं.

हाताबाहेरचं

या साऱ्या शाखांचं एका गोष्टीवर एकमत आहे: बदलायचं ते तुला. त्यांचं बळ त्यातच आहे आणि आंधळेपणाही. रॉबिन शर्मांचं ‘द फाइव्ह ए.एम. क्लब’ २०१८ मध्ये आलं. तुर्भ्याच्या एपीएमसी भाजी मार्केटमध्ये पाच वाजता उठणारा माणूस उशिरा उठला असं म्हणतील. तिथे गाड्या रात्रीच लागलेल्या असतात. पहाटे उठून माथाडी कामगार श्रीमंत झाला नाही. त्याच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला, औषधपाण्याला आधार मिळाला तो अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे. त्या कायद्याने माथाडी मंडळं आली, आणि मालकाकडून मजुरी व लेव्ही गोळा करायची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. तसंच या शहराचं. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच आंदोलक गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा सोडला नाही, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना त्यातून आली. त्या शेतकऱ्यांनी मनातले हट्ट तपासले असते, कृतज्ञतेची वही लिहिली असती, तर झोप कदाचित बरी लागली असती. जमीन मिळाली नसती. पगार महिनोन्‌महिने थकत असेल, सासरी मारहाण होत असेल, तर आधी लागतात माणसं, कायदा, संघटना. पुस्तकाची पाळी नंतर.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर पुस्तक चाळत बसू नये. डॉक्टरकडे जावं, किंवा निदान १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. स्कोगिनचे वाचक सौम्य ते मध्यम नैराश्याचे होते, ही अट विसरायची नाही.

आता एक कल्पित वाचक घेऊ. घणसोलीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी, ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. दोन वर्षं बढती नाही. तिच्यापुढे दोन पुस्तकं आहेत, एक सवयींचं, एक थांबायला सांगणारं, आणि तिला वाटतंय की आपण आळशी आहोत. तिने आधी एका रविवारी कागद घेऊन बढती का मिळाली नाही ते लिहावं, फक्त घडलेल्या गोष्टी, विशेषणं न लावता. समजा लिहिता लिहिता दिसलं, की काम वेळेत होतं, कोर्सही झाले, पण मीटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही. चुकलं तर लोक हसतील ही धास्ती. म्हणजे आळस नाहीच, आणि शेल्फवरची ती दोन्ही पुस्तकं तिच्यासाठी नाहीत. तिला एलिसच्या वळणाचं पुस्तक हवं, आणि त्याबरोबर दर मीटिंगला एक प्रश्न विचारण्याचं काम. पण लिहिता लिहिता असं दिसलं, की तिच्या टीममधल्या एकाही बाईला चार वर्षांत बढती नाही, तर तिने पुस्तकाचे पैसे वाचवावेत आणि बाकीच्या बायकांशी बोलावं.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्याजोगी एक तपासणीही आहे. पुस्तक मधोमध उघडावं आणि हे पुस्तक मला सोमवारी सकाळी नेमकं काय करायला सांगतंय, ते शोधावं. दहा मिनिटांत सापडलं नाही तर ते परत ठेवावं; ते छान वाटण्यासाठी लिहिलेलं आहे, आणि छान वाटण्यासाठी ‘बटाट्याची चाळ’ जास्त चांगली. सापडलं, तर ती गोष्ट आपल्या कागदावरच्या अडचणीला लागते का, ते बघावं. मग दोन महिने तेच एक पुस्तक. त्या काळात दुसरं उघडायचं नाही, विशेषतः त्याच्या विरुद्ध बोलणारं, कारण पहिलं काम कंटाळवाणं व्हायला लागलं की दुसऱ्याचं निदान अचानक फार पटायला लागतं. आणि आठवड्यातून एकदा फोन करून ‘काय, किती झालं?’ एवढंच विचारणारं कोणीतरी गाठावं. मैत्रीण चालेल, भाऊ चालेल. आई शक्यतो नको. ती दुसऱ्याच दिवशी विचारते.